समोरासमोरचे बाक

आमच्या चर्चमध्ये ढोल वाजत नाही, म्हणजे आम्ही मेलेलो आहोत, अशी नव्या पाळकसाहेबांची प्रामाणिक समजूत होती. माणूस वाईट नाही. तेच तर दुखणं आहे. वाईट असता तर पहिल्याच रविवारी मी त्याला सरळ केला असता.

आधी आमच्याबद्दल सांगते, कारण मरोळमध्ये ख्रिस्ती म्हटलं की लोक थेट डिसोझा-फर्नांडिसवर उडी मारतात. मी शकुंतला ओहोळ. टेलिफोन खात्यातून निवृत्त. आजोबा जालन्याकडचे, घरात मराठी, आमटीत काळा मसाला. आम्ही कॅथलिक नाही, अँग्लिकन वळणाचे. साहेब गेला, त्याची उपासना मागे राहिली, आणि आमच्या आजा-पणज्यांनी ती मराठीत अशी मुरवली की आता ती साहेबाने परत मागितली तरी मिळायची नाही. "तुमच्यात प्रार्थना मराठीत असते?" असं कुणी डोळे मोठे करून विचारलं की मी म्हणते, "छे, आम्ही देवाशी फ्रेंचमध्ये बोलतो."

औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला, छापखाने आणि पॅकिंगच्या गाळ्यांच्या आड आमचं चर्च आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे सायंप्रार्थना होते, अथपासून इतिपर्यंत गायलेली. त्यासाठी वेदीच्या अलीकडे दोन सागवानी बाक होते, एकमेकांकडे तोंड केलेले. लोकांकडे नव्हे. नव्या माणसाला हे विचित्र वाटतं. गाणारे लोकांकडे बघतच नाहीत! बघायचं कशाला? आम्ही काही ऑर्केस्ट्रा नाही. स्तोत्राचं एक वचन या बाकाने गायचं, पुढचं त्या बाकाने. ठेका नाही, टाळ्या नाहीत. लांबलचक वाक्य एकाच सुरावर बोलल्यासारखं चालत जातं आणि शेवटाला पोचताना सूर दोन-चार पावलं हलतात. चार आवाज, चार वाटा, आणि सगळे येऊन एकाच उंबऱ्यावर टेकतात.

आणि प्रत्येक वचनाच्या मधोमध थांबायचं. अर्धं झालं की सगळे गप्प, पायपेटीसुद्धा गप्प. एक श्वास जाऊ द्यायचा, मग उरलेलं अर्धं. या थांबण्यात आमची सगळी उपासना आहे, असं माझं ठाम मत आहे. लहानपणी मला वाटायचं की त्या गप्पपणात देव उत्तर देतो, आणि मला ऐकू येत नाही कारण माझ्या कानात मळ आहे.

बाबा गायकवृंदाचे प्रमुख होते. मला आणि माझ्या मोठ्या भावाला, भाऊरावदादाला, त्यांनी समोरासमोरच्या बाकांवर बसवलं होतं, कारण शेजारी बसवलं की आम्ही चिमटे काढायचो. मी बायकांतला खालचा आवाज, आल्टो. दादा पुरुषांतला वरचा, टेनर. असा टेनर मी पुन्हा ऐकला नाही. तो गायला लागला की माझा त्याच्यावरचा सगळा राग पातळ व्हायचा, आणि मला त्याचाही राग यायचा. पुढे दादा चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी झाला. "किती वर्षं तेच तेच गायचं, शकु?" असं म्हणून बाकावरून उठला तो उठलाच. त्याच्यामागून त्या बाकावरचे एकेक जण गेले. कुणी दहिसरला, कुणी कॅनडाला, कुणी थेट वर. शेवटी उरले तिघे, सगळे माझ्याच बाकावर. मी, बँकेतली दर्शना आणि खालच्या सुराचे शिवदासकाका. चौथा मिथुन, तो पायपेटीवर. आम्ही एक वचन गायचो, आणि समोरच्या रिकाम्या लाकडाच्या वतीने पुढचंही आम्हीच.

नवे पाळक अनय शिरसाठ आले आणि कमिटीची बैठक झाली. बाक काढायचे, तिथे स्टेज, स्टेजवर ड्रम आणि गिटार, भिंतीवर स्क्रीन. बाक गेले की सायंप्रार्थनाही आपोआप गेली, हे कुणी बोललं नाही, पण कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही.

"आंटी, वाईट वाटून घेऊ नका," पाळकसाहेब मऊ आवाजात म्हणाले. "पण मोबाइलवरच्या लाइव्हमध्ये तो रिकामा बाक फार वाईट दिसतो. लोकांना वाटतं, चर्च बंद पडतंय."

"आणि भरला तर?" मी विचारलं.

ते हसले. "दोन्ही बाक भरले तर कुणाची हिंमत आहे हात लावायची? डिसेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत भरा. माझा शब्द."

"शकु, पोरखेळ करू नकोस," दादा म्हणाला. "माणसं कुठून आणणार आहेस?"

"एक जागा तुझी रिकामी आहे. तिथून सुरुवात करते."

दादाने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

मी फोन फिरवायला लागले. टेलिफोन खात्यात जन्म गेला, फोनचं मला काय भय? सगळे गोड बोलले. "आंटी, मनापासून इच्छा आहे हो, पण..." इच्छा बाकावर बसत नाही. तरुण पोरांनी तर स्पष्टच सांगितलं की ड्रम असेल तर येतो. नोव्हेंबर उजाडला तरी समोरचा बाक तसाच, आणि मला झोपेत लाकूड दिसायला लागलं.

अशात एका संध्याकाळी आमच्याच बिल्डिंगच्या जिन्यात धोंडू परब भेटले. मूळ मालवणकडचे, वडील गिरणीत, स्वतः कुरियर कंपनीत वय घालवलेले. पण बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे बुवा म्हणतात, कारण ते भजनी मंडळाचे बुवा. चेहरा उतरलेला होता.

"काय झालं, बुवा?"

"काय सांगू, शकुताई. सोसायटीन गणपतीक डीजे हाडल्यान, ता गिळलंय. आता सत्यनारायणाकय डीजेच. माका सांगतत, बुवानू, तुमी फक्त आरती म्हणा. दोन मिन्टा! आमी काय आरतीची कॅसेट आसंव?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. हा माणूस रागावलेला होता, गाणारा होता, आणि त्याला संध्याकाळी काम नव्हतं. देव कधीकधी उत्तर देतो, फक्त मालवणीत देतो.

पुढच्याच रविवारी बुवा मंडळातले चौघे घेऊन चर्चमध्ये आले. दारात चपला काढल्या, वेदीला नमस्कार केला, आणि ते दोन बाक बघून जागीच थबकले.

"अरे! ही तर डबलबारी!"

डबलबारी म्हणजे कोकणातला भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून आव्हान द्यायचं, उत्तर द्यायचं, रात्र जागवायची. मी म्हटलं, "तसंच समजा." हे म्हणायला नको होतं, ते पुढे कळलं.

तालीम सुरू झाली. आमच्या बाकाने पहिलं वचन गायलं. बुवांच्या बाकाने दुसरं उचललं, आणि काय उचललं! छपराचे पत्रे हलले. अर्धं वचन संपलं, थांबायची जागा आली, आणि बुवांनी तिथे अशी झकास तान सोडली की मिथुनचा पाय पायपेटीवरून घसरला.

"बुवा, तिथे गप्प राहायचं."

"गप? जागा रिकामी ठेवची?"

"रिकामीच ठेवायची."

"ताई, रिकामी जागा दिसली की गळो आपसूक सुटता. आमच्यात जागा सोडल्यान तर समोरचो बुवा हसतलो!"

पुढच्या वचनाला तान नव्हती, पण "आहा" होतं. त्याच्या पुढच्याला चौघांनी मिळून गजरच केला. शिवाय प्रत्येक वचनागणिक लय वाढत चालली होती, कारण भजन चढत जातं, आणि समोरच्यापेक्षा आपण कमी पडायचं नाही हे रक्तातच. शेवटच्या वचनाला आम्ही दोन्ही बाक धापा टाकत होतो. शिवदासकाका गुडघेदुखीचे, तोंडाने तिखट. मला वाटलं आता शिव्या देणार. ते हसत सुटले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अगं शकु," म्हणाले, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरून उत्तर आलं."

मलाही भरून आलं होतं, पण मी काही तसं दाखवत नाही.

दर रविवारी तालीम. शब्द बसले, लय आटोक्यात आली, पण मधलं थांबणं काही जमेना. बुवा विचारत, "ताल खंय आसा ह्येचो?" मी सांगे, "ताल नाही, श्वास आहे. समोरच्याचा श्वास ऐका." ते म्हणत, "श्वास कसो ऐकाक येतलो?" मी म्हणे, "म्हणून तर गप्प बसायचं." मान डोलवत, आणि पुन्हा त्याच जागी त्यांच्या घशातून काहीतरी निसटून जाई.

दुसरी अडचण मी कुणाला सांगितली नव्हती. मंडळातले पाचही जण एकच चाल गात. मुख्य चाल. त्यांना दुसरी वाट धरायला शिकवायचा मी आटोकाट प्रयत्न केला, पण भजनात सगळे एकाच वाटेने जातात आणि तेच त्यांचं बळ. चार वाटांपैकी तीन आमच्याच बाकावर होत्या. टेनरची वाट बंदच राहिली. ऐकणाऱ्याला कळलं नसतं, पण मला प्रत्येक वचनाच्या शेवटी पायरी चुकल्यासारखं व्हायचं.

मग एक दिवस दादा घरी आला. बसला नाही.

"शकु, हे काय चालवलंयस? बाप्तिस्मा न झालेली माणसं आपल्या गायकवृंदात?"

"पायपेटी बनवली तो सुतार कुठे बाप्तिस्मा घेऊन आला होता? तिच्यावर चालतं ना तुम्हाला गायलेलं?"

"ती वस्तू आहे."

"आणि स्टेजसाठी ठरवलेला तुमचा ड्रमर? दर रविवारी उपदेश सुरू झाला की बाहेर जाऊन सिगारेट ओढतो. तो चालतो. हे चपला काढून येतात, ते चालत नाहीत."

"बाबा असते तर काय म्हणाले असते?"

इथे मात्र माझं डोकं सटकलं. "बाबा असते तर त्यांनी बुवांना बाकावर बसवलं असतं आणि तुला चहा टाकायला आत पाठवलं असतं. तू उठलास म्हणून तो बाक ओस पडला, दादा. आता ज्यांनी भरला त्यांच्याकडे बोट दाखवू नकोस."

तो निघून गेला. चहा मी केलेलाच होता. दोन्ही कप मीच प्यायले.

डिसेंबरचा पहिला रविवार आला. मी गायकवृंदाचे पांढरे झगे धुऊन, इस्त्री करून नेले होते. बुवांच्या माणसांनी स्वतःच ठरवून पांढरे झब्बे घातले होते. आम्ही आत शिरलो.

बाक नव्हते.

त्यांच्या जागी करडा गालिचा घातलेलं स्टेज होतं. त्यावर चकचकीत ड्रम, काळे स्पीकर, वायरींची भेंडोळी. भिंतीवर स्क्रीन, आणि स्क्रीनवर निळ्या आकाशात उडणारं कबूतर. माझी पायपेटी भिंतीला टेकवून ठेवली होती, शिक्षा झालेल्या पोरासारखी. खिडकीतून मागची शेड दिसत होती. तिथे दोन्ही बाक एकावर एक पालथे पडले होते.

मी झगे छातीशी धरून तशीच उभी राहिले. मग राग आला, आणि राग आला की मला बरं वाटतं.

पाळकसाहेब धावत आले. "आंटी, मी म्हटलं होतं, रविवार झाल्यावरच ठरवू. स्टेजवाला कालच आला, सेक्रेटरींनी चावी दिली... मी इथे नव्हतो. आय अ‍ॅम सो सॉरी."

दादा तिसऱ्या रांगेत, सेक्रेटरीच्या नेहमीच्या जागेवर बसला होता. वर पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"ताई," बुवा हळूच म्हणाले, "बारी रद्द?"

"का रद्द? बाक गातात की माणसं गातात?"

मी सगळ्यांना मधल्या वाटेवर आणलं. लोकांच्या बसायच्या रांगांमधून दारापासून वेदीपर्यंत जाते ती वाट. माझी माणसं डाव्या कडेला, बुवांची उजव्या कडेला, एकमेकांकडे तोंड करून उभी केली. मिथुनने आणि मी पायपेटी फरफटत आणली. राहिले शिवदासकाका. त्यांना उभं राहून एक स्तोत्रही झेपलं नसतं. मी स्टेजवर चढले, ड्रममागचं गोल स्टूल उचललं आणि खाली आणून काकांना त्यावर बसवलं.

"आंटी, ते ड्रमरचं आहे," कुणीतरी म्हणालं.

"ड्रमर उभा राहील. तरुण आहे."

पाळकसाहेबांनी मात्र जाऊन स्वतःच्या हाताने कबूतर बंद केलं, पाळकाचा झगा अंगावर चढवला आणि सायंप्रार्थना सुरू केली. हे मी त्यांच्या खात्यावर मांडून ठेवलं आहे. लाइव्हचा कॅमेरा तेवढा कुणी वळवला नाही. तो रिकाम्या स्टेजकडे टक लावून बघत राहिला.

त्या दिवशीचं स्तोत्र देवाशी भांडणारं होतं. किती दिवस, का, कुठे आहेस, असं. मला अशीच स्तोत्रं आवडतात. मिथुनने सूर दिला. आम्ही पहिलं वचन गायलो. आजवर आम्ही लोकांपासून दूर, पुढे बसून गायचो. आज लोकांच्या मधोमध होतो. माझ्या पाठीशी कुणाचं तरी बाळ होतं, त्याचा श्वाससुद्धा मला लागत होता.

दुसरं वचन बुवांनी उचललं. माझी नजर त्यांच्या गळ्यावर. अर्धं वचन झालं. थांबायची जागा आली. गळ्याची घाटी वर गेली, मूठ घट्ट झाली, ओठ आवळले.

आणि बुवा गप्प राहिले.

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस गप्प राहतो तेव्हा ती शांतता भरलेल्या हंड्यासारखी जड असते. सबंध चर्च त्या जागेत थांबलं. बाहेरची रिक्षा ऐकू आली, काकांच्या स्टुलाची कुरकुर ऐकू आली. मग समोरून उरलेलं अर्धं आलं, सावकाश, कुणालाही हरवायला न निघालेलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं गाऊनही आपल्याला याची सवय झाली नाही, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

आमचं वचन. त्यांचं वचन. आमचं. त्यांचं. आणि त्यांच्या चौथ्या का पाचव्या वचनाच्या शेवटी, सूर हलायला लागले तेव्हा, माझी पायरी चुकली नाही. पाय ठेवला तिथे पायरी होती.

कुणीतरी टेनर गात होतं.

वय झालेला आवाज, वरच्या सुरावर जरा खरखरणारा. पण वाट अचूक. ती वाट या चर्चमध्ये एकाच माणसाला माहीत होती, आणि मी ती त्याच्यासमोर बसून पाठ केली होती. मी मान वळवली नाही. गाताना वळवायची नसते, बाबांची शिस्त. डोळ्यांच्या कोपऱ्यातून एवढंच दिसलं की तिसऱ्या रांगेत दादा उभा आहे आणि अजून पंख्याकडेच बघतो आहे. आमच्या वचनाला तो गप्प राही. त्यांच्या वचनाला गाई. आपला बाक कुठला हे तो विसरला नव्हता.

मी रडले. रडत गायले, सूर सोडला नाही.

उपासना संपली. लोक उठेनात. मग एकदम उठले आणि बुवांभोवती गोळा झाले. काकांनी स्टूल परत द्यायला नकार दिला. म्हणाले, "बरं आहे हे, ठेवून घेऊ." मी मागच्या शेडकडे गेले. दादा तिथे उभा होता, एका पालथ्या बाकाच्या पायावर हात ठेवून.

"बाक आता आत जायचे नाहीत, शकु," तो म्हणाला. "स्टेज ठोकून बसवलंय. आणि पाळकसाहेबांचा शब्द काही असो, कमिटीचं ठरलंय, सायंप्रार्थना पुढच्या महिन्यापासून नाही."

"बाक ठेव तुझ्याकडे. सरपण कर हवं तर."

"तू ऐकतेयस ना? कमिटीचं ठरलंय."

"ठरू दे. पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही मधल्या वाटेवर उभे राहणार. दार बंद ठेवलंत तर पायऱ्यांवर. तुम्ही दिवे घालवलेत तर स्तोत्र पाठ आहे. तू समोरच्या रांगेत उभा राहणार की दाराशी कुलूप घेऊन, ते तू ठरव."

आतून बुवांचा आवाज येत होता. कुणाला तरी ते समजावून सांगत होते की गप कसा रवायचा, ह्या सोपा नाय.

"मिथुनला सांग," शेवटी दादा घसा खाकरून म्हणाला, "सूर जरा खाली घ्यायला. वरचा आता मला लागत नाही."

"खालीबिली काही येणार नाही," मी म्हटलं. "महिना आहे हातात. रियाज कर."